बदकाची शी, झाडांची चंगळ!

‘ईऽऽ!’ ही पहिली रिॲक्शन ठरलेली. पण बाल्कनीतल्या टोमॅटोला विचाराल, तर तो बदकाच्या शीवर जाम खूश असतो. नत्र, स्फुरद, पालाश, तिन्ही एकाच पॅकमध्ये! जपानी शेतकरी ताकाओ फुरुनो यांनी तर १९८८मध्ये भातखाचरात बदकंच सोडली. तण खा, किडे खा आणि खत तिथल्या तिथे टाका!

आपल्या कुंडीत मात्र हा माल डायरेक्ट टाकायचा नाही, बॉस. ताज्या शीने मुळं जळू शकतात. शिवाय त्यात साल्मोनेला असू शकतो, म्हणजे सॅलडमधला मुळा थेट पोटाशी पंगा घेणार. अमेरिकेतल्या ऑरगॅनिक शेतीचा नियम सांगतो, कच्चं खत घातल्यावर मातीला टेकणारी भाजी १२० दिवस काढायची नाही. एवढा पेशन्स आहे कुणाकडे?

त्यापेक्षा कंपोस्ट करा. शी ओलीगच्च असते, म्हणून सुका पालापाचोळा भरपूर हवा. ढीग अधूनमधून उलटायचा. काही दिवस तो आतून ५५ अंशांवर तापला, की बहुतेक जंतू मरतात. गोची अशी, की तेवढं तापायला साधारण मीटरभर उंच-रुंद ढीग लागतो. बाल्कनीतल्या बादलीचं ते काम नाही! म्हणून गावी कुणाकडे बदकं असतील, तर कंपोस्ट तिथेच करायला सांगा आणि मातीसारखा वास येणारं तयार खत डिकीतून आणा. ढिगाजवळ मास्क-ग्लोव्ह्ज मस्ट. बदकं आजारी न दिसताही बर्ड फ्लू पसरवू शकतात.

आणि कुंडीला? मूठभर पुरे.