गाडी मिसिंग मारतेय? आधी वही काढा!

जुनी गाडी हौसेने नटवणाऱ्यांची एक वेगळीच जमात असते. कुणी कोन फिल्टर लावतं, कुणी फ्री-फ्लो सायलेन्सर, कुणी डिकीत सबवूफर. उरलेले पेट्रोलचा भाव बघून सीएनजी किट बसवतात. आणि या जमातीला एक कॉमन आजार छळतो. गाडी मस्त पळत असते, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवर पाय देता आणि क्षणभर काहीच होत नाही. मग एक झटका, आणि पुन्हा सगळं ठीक. गॅरेजच्या भाषेत, गाडी ‘मिसिंग मारते’. मेकॅनिकसमोर उभी केली की मात्र एकदम गुणी बाळ!

माझी झेन २००४ची, मामाकडून आलेली. ९९३ सीसीचं इंजिन, त्यावर मामाने हौसेने लावलेला कोन फिल्टर आणि दहा-बारा वर्षांपूर्वी बसवून घेतलेलं सीएनजी किट. सिग्नलला अडखळली तर मागचा हॉर्न मारतो, एवढंच. पण पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा हायवेचा उतार आठवा. भरलेले ट्रक तिथे सुसाट खाली येतात. सर्व्हिस रोडवरून त्या गर्दीत शिरताना, मागच्या सीटवर आई असताना, गाडीने दम तोडला. मागच्या कंटेनरने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं. त्यानंतर हा नुसता ‘डोक्याला ताप’ राहिला नाही.

चौदा हजारांचा अंदाजपंचे

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी न चालवताच यादी दिली. पेट्रोल पंप, कॉइल, प्लग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. एकूण चौदा हजार. ‘‘एकेक बदलत जाऊ मॅडम, कशाने ना कशाने थांबेल.’’ मी नमस्कार केला आणि स्टेशनरीच्या दुकानातून दहा रुपयांची वही घेतली.

दोन आठवडे प्रत्येक झटक्याची नोंद केली. इंजिन गार की गरम? एसी चालू की बंद? टाकीत पेट्रोल किती? गाडी गॅसवर की पेट्रोलवर? अकरा नोंदी झाल्या. एसीचा संबंध नाही, टाकीचाही नाही. पण अकराच्या अकरा झटके पेट्रोलवरचे, आणि तेही गाडी वीसेक मिनिटं चालल्यावरचे. गॅसवर एकदाही नाही. म्हणजे गॅस संपला, पंपावरची रांग बघून ‘राहू दे’ म्हटलं, की दुखणं सुरू!

किटच संशयित, किटच साक्षीदार

ही वही घेऊन मी नाना पेठेतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेले. त्यांनी ती दोन मिनिटं वाचली आणि म्हणाले, ‘‘अर्धं काम तुम्हीच केलंय की.’’

लॉजिक सोपं होतं. प्लग, कॉइल, हवेची वाट या गोष्टी दोन्ही इंधनांना कॉमन. शिवाय सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे प्लग किंवा कॉइल कमजोर असती तर गाडी आधी गॅसवर रडली असती. उरली फक्त पेट्रोलची बाजू. काकांनी गेज लावून, झटके येत असतानाच पेट्रोलचं प्रेशर पाहिलं. काटा हलला नाही. पंप निर्दोष!

मग इंजेक्टरच्या वायरी. गॅसवर असताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवायला किटचा एक छोटा डबा, म्हणजे इम्युलेटर, त्या वायरींमध्ये जोडलेला असतो. माझ्या गाडीत किट बसवणाऱ्याने वायरी कापून, नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली होती. इतक्या वर्षांच्या उष्णतेने टेप कडक झाली, ओल शिरली, तांबं हिरवं पडलं. इंजिन तापलं की सांधा सैल व्हायचा आणि इंजेक्टर एखादा ठोका चुकवायचा. गरम इंजिन पेट्रोलवर ठेवून काकांनी एकेक वायर हलक्या हाताने हलवली. तिसऱ्या वायरीला इंजिन दचकलं. सगळे सांधे सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. तासाभराचं काम, सहाशे रुपये. बिलात नवा पार्ट एकही नाही.

तुमची गाडी अडखळत असेल तर...

* दोन्ही इंधनांवर झटके येतात? प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल, हवा खेचणारे फाटके पाइप आणि इंजिनची अर्थिंग तपासा.
* फक्त गॅसवर येतात? प्लग आणि त्यांच्या वायरी आधी, मग गॅस फिल्टर आणि रेग्युलेटर.
* टाकी तळाला गेल्यावर, वळणावर येतात? संशय पंपावर आणि त्याच्या जाळीवर.
* एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही.
* गाडीत बाहेरून जे काही बसवलंय, त्याचे सांधे सर्वांत आधी बघा.
* गॅसच्या नळ्यांना घरी हात लावू नका. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बारचं प्रेशर असतं. त्याची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते आणि किटची नोंद आरसीवर हवीच. ती नसेल तर विम्याचा क्लेम अडकू शकतो.

गाडी बोलत नाही, पण कधी, कुठे, कशावर रुसते हे ती रोज सांगत असते. लिहून घेणारं कुणीतरी हवं. वही नको असेल तर मोबाइलमध्ये लिहा. गाडी थांबवून, अर्थात!