सूर्यास्तापूर्वी घर : थंडीच्या दिवसांतील सायकल

नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य सहाला दोन-तीन मिनिटे कमी असतानाच मावळतो. जूनच्या उत्तरार्धात तोच सव्वासातपर्यंत रेंगाळत असतो. पंचांगात हा फरक सव्वा तासाचा दिसतो. व्यापारी कुटुंबात मात्र तो त्याहून फार मोठा असतो. चातुर्मासात निष्ठेने पाळलेला चौविहार कार्तिकी पौर्णिमेनंतर अनेक घरांत हळूहळू सुटू लागतो, त्याचे कारण श्रद्धा उणावली हे नसून घड्याळ आणि बाजार यांचा मेळ बसत नाही हे असते. तुळशीचे लग्न लागले की लगीनसराई सुरू होते. कापड, भांडी, सराफी, किराणा या साऱ्यांच्या गल्ल्यांवर दुपारी चारनंतर गर्दी उसळते आणि नेमक्या त्याच वेळी दिवस आखडलेला असतो. पाच वाजता दुकानातून उठावे तर गिऱ्हाईक समोर, सहाला उठावे तर सूर्य गेलेला.

यावर बहुतेकांनी शोधलेला उपाय म्हणजे डबा. तो वाईट नाही. अनेक जण पाच-साडेपाचला गादीच्या मागच्या बाजूस बसून डबा उघडतात आणि पच्चक्खाण घेतात. परंतु दुपारी भरलेला डबा पौष महिन्यात गार होतो, पोळी ताठरते आणि घरातील वडीलधाऱ्यांसोबत ताटावर बसण्याचा दिवसातील एकमेव प्रसंग हातचा जातो. दुसरा उपाय स्कूटरचा. रविवार पेठ, बोहरी आळी, भवानी पेठ या भागात संध्याकाळी स्कूटर बाहेर काढणे हेच एक काम असते. तिच्यापुढे आणखी तीन गाड्या लावलेल्या असतात. परतल्यावर ती पूर्वीच्या जागी उभी राहील याची शाश्वती नसते. मग ‘आज राहू दे’ असे म्हणण्याची सवय लागते.

तिसरा उपाय जुनाच आहे. तो बहुतेकांच्या जिन्याखाली धूळ खात उभा असतो.

हिशेब मांडून पाहावा. पेठांतील दुकानांपासून मार्केट यार्ड, सॅलिसबरी पार्क किंवा गुलटेकडी परिसरातील घरांचे अंतर साधारण तीन किलोमीटर. घाई न करता ताशी बारा किलोमीटरच्या गतीने हे अंतर पाव तासात कापले जाते. चढ आणि चौकातील सिग्नल धरून वीस मिनिटे. पाच वाजून पाच मिनिटांनी निघालेला माणूस पाच पंचवीसला घरी पोहोचतो, हातपाय धुऊन गरम पोळी-भाजी खातो, पाच पन्नासला पच्चक्खाण घेतो आणि सव्वासहाच्या सुमारास पुन्हा गल्ल्यावर असतो. या मार्गाची एक सोय अशी की स्वारगेटकडून दक्षिणेस जमीन चढत जाते. म्हणजे घरी जाताना चढ आणि परतताना उतार. भरल्या पोटी चढ चढावा लागत नाही. बिबवेवाडीच्या वरच्या भागात राहणाऱ्यांसाठी हाच चढ जरा कठीण असून तेथे गिअरची सायकल उपयोगी पडते. साध्या सायकलवरून शेवटचे दोनशे पावले उतरून चालत जाण्यातही कमीपणा नाही. कात्रजपलीकडे घर असेल, तर हा सारा हिशेब कोसळतो. सूर्यास्ताआधी दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे, भोजन आटोपण्याचा नियम जे पाळतात, त्यांना नोव्हेंबरअखेरीस पाच नऊच्या आत ताटावरून उठावे लागते. त्यांचे दुकान चालवणारा मुलगा किंवा मुनीम चार वाजताच जागेवर बसू शकत असेल, तरच सायकल त्यांच्या कामाची.

आता थंडीविषयी. पुणेकर थंडीबद्दल जितके बोलतात तितकी ती क्वचितच असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान सरासरीने अकरा-बारा अंशांच्या घरात असते. १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे, पण ती अपवादाची. संध्याकाळी पाच वाजता तर हवा प्रसन्न असते. घाम येत नाही, तहान लागत नाही, चौविहार घेऊन निघालेल्या माणसाला घसा कोरडा पडण्याची चिंता नसते. वैशाखात हीच फेरी त्रासाची होते. खरी थंडी लागते ती परतताना, सूर्य मावळल्यावर, कारण सायकलस्वार चालता चालता स्वतःचा वारा स्वतःच निर्माण करत असतो. तो वारा छातीला, कानांना आणि बोटांना झोंबतो. पाय मात्र पाच मिनिटांत गरम होतात. म्हणून जाडजूड कोट घालून निघणे ही चूक ठरते. अर्ध्या वाटेवर आत घाम फुटतो आणि थांबल्यावर तोच घाम अंगावर गार होतो. निघताना जराशी हुडहुडी वाटावी इतकेच कपडे बरे : आत सुती बंडी, वर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आणि वाऱ्याला अडवणारे पातळ जाकीट. कानांना कानटोपी. मफलर वापरायचाच असेल तर त्याची टोके जाकिटाच्या आत खोचावीत. मोकळे लोंबणारे टोक मागच्या चाकात अडकले की गळ्यालाच फास बसतो.

खरेदी करताना आपल्या घरांनी आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे, जी दुकानदार आपणहून सांगत नाही. उबदार म्हणून विकल्या जाणाऱ्या काही जाकिटांत बदकांची किंवा हंसांची पिसे भरलेली असतात. पॉलिएस्टर भरलेले जाकीट पुण्याच्या थंडीला पुरेसे होते आणि स्वस्तही पडते. हातमोजे चामड्याचे नकोत, विणलेले किंवा कापडी घ्यावेत. रेशमी मफलरचेही तेच. पूर्वीच्या सायकलींना स्प्रिंगवर ताणलेली चामड्याची सीट असे आणि जुनी माणसे त्यावर जाड कापडाची खोळ चढवून समाधान मानत. आज बहुतेक सायकलींची सीट रेक्झिन वा फोमची असते, तरी महागड्या किंवा जुन्या वळणाच्या सायकलीत चामडे पुन्हा दिसू लागले आहे. विचारून घेतलेले बरे.

जिन्याखालच्या सायकलीला रस्त्यावर आणण्यासाठी मोठा खर्च येत नाही. टायरच्या कडांना भेगा पडल्या असतील तर टायर-ट्यूब बदलावे, ब्रेकचे रबर तपासावे, चेनवरची जुनी घट्ट झालेली काळी ओंगळ पुसून नवे तेल द्यावे. थंडीत ट्यूबमधला दाब थोडा उतरतो आणि हवा एरवीही झिरपतच असते, म्हणून आठवड्यातून एकदा हवा भरण्याचा वार ठरवून टाकावा. चेनवर पूर्ण झाकण असणे धोतर, साडी किंवा सलवार नेसणाऱ्यांसाठी आवश्यक आहे. सामानाला मागे कॅरियर व पुढे टोपली. दहा किलोंपर्यंतचे सामान यावर सुखाने येते. ते दोन्ही बाजूंना सारखे विभागले म्हणजे झाले. हँडलला पिशव्या लटकवण्याची पुणेरी रीत मात्र सोडावी, कारण झोके घेणारी पिशवी आऱ्यांत शिरायला वेळ लागत नाही.

आणि दिवा. या साऱ्या बेतातील परतीची फेरी अंधारात होते, तेव्हा दिव्याशिवाय हा बेत करूच नये. एके काळी पुण्यात सायकलीला महापालिकेचा बिल्ला लागे आणि रात्री दिवा नसला तर पोलीस अडवून दंड करीत. त्या भीतीने माणसे रॉकेलचा दिवा, मग डायनामो बाळगत. दंड गेला आणि दिवाही गेला. आज चार्जिंगचा पुढे पांढरा, मागे लाल असा जोड सहज मिळतो. मागचा लाल दिवा अधिक महत्त्वाचा, कारण धोका मागून येतो. साधू-साध्वींच्या विहारात सोबत चालणारे सेवाभावी तरुण चमकणारे पट्टे अंगावर घालतात. महामार्गावर अंधारात चालणाऱ्यांसाठी आणलेले तेच पट्टे संध्याकाळच्या सातारा रस्त्यावर तितकेच उपयोगाचे आहेत. एकेरी रस्त्यांचा नियम सायकललाही लागू आहे. ‘सायकलला काय होतंय’ म्हणून लक्ष्मी रस्त्यावर उलटे शिरणाऱ्याने दिवा लावला तरी उपयोग नाही.

सकाळची गोष्ट निराळी. जानेवारीच्या मध्यास सूर्योदय सात वाजून नऊ-दहा मिनिटांनी होतो आणि नवकारशी त्यानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे आठच्या सुमारास. दर्शन, दूध, भाजी ही कामे त्या मधल्या वेळात सायकलवर उरकता येतात, पण त्याहून आधी बाहेर पडण्याची घाई करू नये. थंडीत पहाटेची हवा जमिनीलगत साचून राहते. शेकोट्यांचा, कचरा जाळल्याचा आणि वाहनांचा धूर तिथेच तरंगत असतो. जोरात श्वास घेणाऱ्याच्या छातीत तो अधिक जातो. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी, रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय थंडीत सायकल सुरू करू नये. गारठ्याने रक्तवाहिन्या आखडतात हे त्यांना वेगळे सांगायला नको. पूजेसाठी जाणाऱ्यांपैकी काही जण स्नान करून ओल्या अंगाने धोतर-खेसावरच निघतात आणि आठ दिवसांनी खोकला घेऊन बसतात. पूजेची वस्त्रे स्वच्छ पेटीत घेऊन मंदिरात बदलावीत. वस्त्रांना चेनच्या तेलाचा डागही लागत नाही.

रोजचे चौदा नियम धारणारे लगेच विचारतील की सायकल हेही वाहनच. बरोबर आहे, नियमातील वाहनांच्या मोजणीत तीही धरली पाहिजे. परंतु त्या मोजणीचा हेतू अनावश्यक आरंभ-समारंभ टाळण्याचा आहे आणि एका ठिकाणासाठी मोटार बाहेर काढून दुसऱ्या कामासाठी पुन्हा स्कूटर काढणाऱ्या घरात एका सायकलवर तीन कामे होत असतील, तर तो नियम पाळणे सोपे होते. यतनेच्या दृष्टीनेही हिवाळा बरा. पावसाळ्यात रस्त्यावर गांडुळे, गोगलगायी, नाना प्रकारचे किडे असतात. साधू-साध्वी चार महिने एका जागी राहतात ते त्यासाठीच. कोरड्या रस्त्यावर, बेताच्या गतीने, पुढची जमीन पाहत चालवता येते. वेगात ते शक्य नाही. सायकल असली तरी नाही.

थंडी ही अडचण नाही, हे पाहायचे असेल तर उत्तर ध्रुववृत्ताच्या जरा खाली असलेल्या फिनलंडमधील औलू शहराकडे पाहावे. तेथे डिसेंबरात दिवस जेमतेम चार तासांचा असतो आणि पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंतही उतरतो. तरीही माणसे कामावर आणि मुले शाळेत सायकलने जातात. हिवाळ्यातील सायकल या विषयावरची पहिली जागतिक परिषद २०१३ मध्ये त्याच शहरात भरली होती. तेथील लोक आपल्याहून काटक आहेत असे नव्हे. तेथे नऊशे किलोमीटरहून अधिक लांबीचे, मोटारींपासून वेगळे मार्ग आहेत. मोठ्या रस्त्यांखालून भुयारी वाटा आहेत. आणि बर्फ पडला की सकाळच्या गर्दीआधी या मार्गांवर तो बाजूला सारून, उरलेला दाबून घट्ट केला जातो. चाकाखालची जमीन भरवशाची असली की माणूस थंडीचे आपले आपण पाहतो.

पुण्यात उलट आहे. थंडी सौम्य आणि रस्ता बेभरवशाचा. २००६ मध्ये स्वारगेट ते कात्रज बीआरटी सुरू झाली तेव्हा सातारा रस्त्याच्या कडेने सायकल मार्गही आखले गेले. २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. प्रत्यक्षात मार्ग मध्येच तुटतात, त्यांवर गाड्या लागतात, विक्रेते बसतात. येथे आपल्या समाजानेही आरशात पाहावे : दुकानापुढच्या पदपथावर आणि सायकल मार्गावर माल उतरवणारे टेम्पो कोणाचे असतात? व्यापारी संघटनांना वाहनतळासाठी निवेदने देता येतात, तशी यासाठीही देता येतील. तोवर मुख्य रस्ता टाळून आतल्या गल्ल्यांतून जाणारी वाट एखाद्या रविवारी सावकाश फिरून शोधून ठेवावी.

एक अडचण कोणी उघड बोलत नाही. बाजारात पत चालते ती दिसण्यावरही. वर्षानुवर्षे मोटारीतून उतरणारा शेठ एके दिवशी सायकलवरून उतरला, तर समोरच्या पेढीवर कुजबुज सुरू होते, दलाल उधारीची मुदत आठवून पाहतो, आणि घरात सून म्हणते, ‘पप्पा, लोक काय म्हणतील?’ ही भीती खोटी नाही. पण ती पंधरा दिवसांची असते. ज्याची देणी तारखेला चुकती होतात त्याच्या वाहनाकडे बाजार फार काळ पाहत नाही. याच बाजारातील कित्येक पेढ्यांच्या पहिल्या पिढीने कापडाचे गठ्ठे कॅरियरला बांधून आठवडे बाजार केले, हे त्या पेढ्यांच्या भिंतींवरील फोटोंतील माणसांना पक्के ठाऊक होते. पैशाच्या बचतीचा मुद्दा मात्र कोणी पुढे करू नये. रोज आठ किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे २४०० किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर चालत असेल तर त्रेपन्न लिटर पेट्रोल, साडेपाच हजार रुपयांच्या आसपास. एका बुडालेल्या बिलात याहून जास्त जातात. वाचते ते निराळे : स्कूटर काढण्यातली दहा मिनिटे, आणि सूर्य असताना घरी पडलेले पाऊल.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी आठवड्यातून दोन दिवसांपासून आरंभ करावा, शनिवार सोडून. त्या दिवशी गर्दी आवरत नाही. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील. सीट फार खाली असल्याने गुडघे दुखतात, ती थोडी उचलावी : पायंडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. संक्रांतीपर्यंत सूर्यास्त सव्वासहावर सरकतो, फेब्रुवारीच्या अखेरीस सहा चाळीसच्या जवळ जातो, आणि जी धावपळ मार्गशीर्षात पाच वाजून पाच मिनिटांनी सुरू होत होती ती पावणेसहाला निवांतपणे सुरू करता येते.