विमानाचा भार आणि उत्पादकाची अनुमती

अधिक शक्तीचे इंजिन बसविले की विमानाने अधिक भार वाहावा, असा सर्वसाधारण समज असतो. मालमोटारीच्या बाबतीतही तो पुरता खरा नाही. विमानाच्या बाबतीत तो प्राणघातक ठरू शकतो.

अमेरिकेतील सेस्ना कंपनीच्या १७२ या चार आसनी विमानाचे उदाहरण उद्‌बोधक आहे. बारामतीसारख्या ठिकाणी वैमानिक-प्रशिक्षणासाठी ही विमाने वापरली गेली आहेत. त्याच्या 'आर' आणि 'एस' या दोन्ही प्रकारांत लायकॉमिंगचे एकाच नमुन्याचे इंजिन आहे. 'आर'मध्ये ते मिनिटाला २४०० फेऱ्यांवर १६० अश्वशक्ती देते, 'एस'मध्ये २७०० फेऱ्यांवर १८०. प्रोपेलर मात्र निराळा. उड्डाणाचे कमाल वजन अनुक्रमे १,१११ व १,१५७ किलो. म्हणजे फरक अर्ध्या क्विंटलाहूनही कमी. सुमारे ६० लिटर विमान-पेट्रोलाएवढा!

एवढ्यासाठी कागदपत्रांचा खटाटोप कशाला, असे कोणासही वाटेल. परंतु या वर्गातील विमानाच्या सांगाड्याने वजनाच्या ३.८ पट ताण कायमचा न वाकता सोसावा, असा दंडक आहे. त्या हिशेबाने ४५ किलोचे १७१ किलो होतात, आणि ते पंखांच्या सांध्यांवर येतात. उतरताना चाकांच्या आधारांना अधिक धक्का बसतो. ज्या वेगाखाली पंखांचा हवेतील आधार तुटतो, तो वेगही वाढतो. इंजिनाची वाढीव शक्ती यांपैकी एकाही गोष्टीवर उपाय नव्हे.

सांगाड्याची मूळ गणिते व चाचण्यांचे निष्कर्ष उत्पादकापाशी असतात. म्हणूनच त्याच्या अनुमतीला महत्त्व आहे. सेस्नाने 'आर'ची शक्ती १८० अश्वशक्तीपर्यंत नेण्यासाठी अधिकृत बदल-संच काढला. अन्य तज्ज्ञ संस्थेलाही असा बदल सुचविता येतो. मात्र तिला परीक्षणाने तो सिद्ध करून शासकीय यंत्रणेचे पूरक प्रमाणपत्र मिळवावे लागते. भारतात नोंदलेल्या विमानासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता हवीच. त्यानंतर उड्डाण-पुस्तिकेत दुरुस्ती होते.

मे महिन्याच्या दुपारी हवा विरळ होते, इंजिनाची शक्ती घटते. अशा वेळी चौथा प्रवासी घ्यावा की टाकी पूर्ण भरावी, हे वैमानिकाने ठरवायचे असते ते त्याच विमानाच्या पुस्तिकेतील आकड्यांवरून. शेजारी उभ्या असलेल्या, हुबेहूब तशाच दिसणाऱ्या विमानाच्या आकड्यांवरून नव्हे.