कुडाचं घर कच्चं कसं?

रायगड जिल्ह्यातल्या चौक गावाहून इर्शाळगडाच्या पायथ्याकडे वळलं, की ठाकर-कातकरी वाड्यांत अजून एखादं कुडाचं घर दिसतं. मेढींवर पेललेलं आढं, कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर माती-शेणाचं लिंपण, वर गवताची नाहीतर पेंढ्याची शाकारणी. जनगणनेच्या लेखी असं घर ‘तात्पुरतं’. ही वर्गवारी साहित्य मोजते, बांधणी मोजत नाही. शेजारच्या माथेरानला वर्षाला सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात गवत तगतं ते पाख्याच्या तीव्र उतारामुळे. आढ्याचं पाणी काडीवरून काडीवर घसरत, आत मुरायच्या आधीच वळचणीला येतं. वळचण खाली ओढलेली, म्हणून झड मातीपर्यंत पोचत नाही. चुलीचा धूर छपरातूनच झिरपतो आणि गवताला कीड लागू देत नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर शेतकरी काडाचं छप्पर दोरांच्या जाळीने भिंतीतल्या दगडी खुंट्यांना आवळत. तिथे वैरी समुद्री वारा, इथे पाऊस. अक्कल त्याच जातीची. फरक इतकाच, की ती घरं आज वारसा ठरली आहेत.

वारंवार शाकारावं लागतं ते घर कमकुवतच, असा आक्षेप येतो. पण शेताचे बांधही दरसाल घालावे लागतात. म्हणून शेताला कोणी तात्पुरतं म्हणत नाही. डागडुजी हा या बांधणीचा भागच आहे. साहित्य रानात आणि खळ्यावर मिळे तोवर ती जड गेली नाही. पुढे रान राखीव झालं, १८७८ च्या वन कायद्यानंतर काठी तोडणं परवानगीवर आलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर हक्क दिला, पण तोवर हात दुसऱ्या कामांना लागले होते. बुटक्या सुधारित भाताचा पेंढाही आखूड, शाकारायला अपुरा. घर हरलं ते पावसापुढे नव्हे, या टंचाईपुढे.

आगीची भीती मात्र खरी आहे, आणि पक्क्या घराची मागणी रास्तच आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, या मागणीसाठी तिचा दाखला कोणी देईल. पण तिथे प्रश्न जागेचा होता. डोंगर अंगावर आल्यावर सिमेंटची भिंत तरी काय करणार? सरकारच्या घरकुल योजनेने कारवी आणि माती नापास ठरवण्याऐवजी जोतं, चूल आणि वळचण तरी विचारात घ्यायला हवी होती. घरकुलाच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात बसवत नाही, तेव्हा त्याला टेकून कुडाचा एक आडोसा उभा राहतो. चूल त्यात, दुपारची झोपही त्यातच.