वाटी, कप आणि मंगळावर हरवलेलं यान

आजच्या विज्ञानाच्या गप्पा सुरू करू या स्वयंपाकघरातून.

आईनं फोनवर उपम्याचं प्रमाण सांगितलं: एक वाटी रवा, अडीच वाट्या पाणी. तुम्ही रवा घरच्या छोट्या वाटीनं मोजला आणि पाणी मात्र इथल्या मेझरिंग कपनं. आईचं प्रमाण बरोबर होतं, तुम्हीही नीट मोजलंत, तरी उपम्याची पेज झाली. कारण रवा एका मापानं आणि पाणी दुसऱ्या मापानं पडलं. उपमा असेल तर थोडा रवा भाजून घालता येतो आणि वेळ निभावून नेता येते. अवकाशात तशी सोय नसते.

आपल्यापैकी बरेच जण इथे इंजिनिअरिंगच्या किंवा सॉफ्टवेअरच्या कामात आहेत. "काम कमी आणि प्रोसेसच जास्त" अशी कुरकुर आपण सगळेच करतो. अवकाशयानाच्या कामात तर नियमांची, मानकांची आणि तपासण्यांची कपाटंच्या कपाटं भरलेली असतात. एवढं सगळं कशासाठी, ते समजून घ्यायला नासाच्या एका यानाची गोष्ट ऐकू या.

या यानाचं नाव मार्स क्लायमेट ऑर्बिटर. मंगळाभोवती फिरून तिथल्या हवामानाचा अभ्यास करायचा, हे त्याचं काम. ११ डिसेंबर १९९८ रोजी ते निघालं. यान बांधलं होतं डेन्व्हरच्या लॉकहीड मार्टिननं आणि त्याला वाट दाखवण्याचं काम होतं पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीकडे. हे ऑर्बिटर आणि त्याच्या जोडीचं लँडर मिळून मोहिमेचा खर्च होता ३२ कोटी ७६ लाख डॉलर.

साडेनऊ महिन्यांच्या प्रवासानंतर, २३ सप्टेंबर १९९९ रोजी, यानानं वेग कमी करण्यासाठी इंजिन सुरू केलं. ठरल्याप्रमाणे ते मंगळाच्या मागे जाणार, काही मिनिटं संपर्क तुटणार आणि मग ते पुन्हा दिसणार. पण संपर्क ठरलेल्या वेळेच्या ४९ सेकंद आधीच तुटला आणि तो परत कधीच आला नाही.

झालं काय होतं? या यानाचं सौर पॅनेल एकाच बाजूला होतं. सूर्यप्रकाशाचाही अगदी हलका दाब असतो. त्या दाबानं यान सतत थोडं थोडं वळायला बघायचं आणि त्याला सरळ ठेवण्याचं काम आतली फिरती चाकं करायची. या चाकांचा वेग फार वाढला, की छोटी इंजिनं क्षणभर चालवून तो उतरवावा लागे. हे काम मार्ग आखणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा १० ते १४ पट जास्त वेळा करावं लागलं. दर वेळी यानाला किंचितसा धक्का बसायचा आणि मार्ग अगदी थोडा बदलायचा. हा धक्का किती, ते जमिनीवरचा एक प्रोग्रॅम मोजायचा. त्याचे आकडे मार्ग आखणाऱ्या टीमकडे जायचे.

प्रोग्रॅम आकडे देत होता पौंड-सेकंदांत आणि टीम ते वाचत होती न्यूटन-सेकंद समजून. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. म्हणजे प्रत्येक धक्का प्रत्यक्षात होता त्याच्या जवळजवळ साडेचार पटीनं कमी धरला गेला. वाटी आणि कपचाच घोटाळा!

धक्के बारीक होते, पण महिनोन्‌महिने साठत गेले. शेवटच्या मार्गदुरुस्तीनंतर यान मंगळापासून २२६ किलोमीटर उंचीवरून जाईल, असा हिशोब होता. ८० किलोमीटरच्या खाली ते टिकणार नव्हतं. नंतर आकडे सुधारून पाहिले, तेव्हा कळलं की ते ५७ किलोमीटरपर्यंत खाली, थेट मंगळाच्या वातावरणात गेलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मापं कोणती वापरायची ते आधी ठरवायला नको का? मंडळी, खरी गोष्ट इथेच आहे. ते ठरलेलं होतं. दोन्ही गटांमधली देवाणघेवाण कशी व्हायची, याचा लेखी दस्तऐवज होता आणि त्यात मेट्रिक मापंच सांगितली होती. मानक कागदावर होतं, पण प्रोग्रॅम त्या मानकाप्रमाणे चालतोय की नाही, हे कुणी शेवटपर्यंत ताडून पाहिलं नाही.

म्हणूनच अवकाशयानाच्या कामात प्रत्येक अपेक्षा एका स्वच्छ वाक्यात लिहितात: "हे असं असलंच पाहिजे." आणि त्याच्या शेजारी लिहितात, ते खरंच तसं आहे हे सिद्ध कसं करायचं. त्याचे मुख्य चार मार्ग आहेत: चाचणी घेणं, गणितानं दाखवणं, डोळ्यांनी तपासणं आणि प्रत्यक्ष चालवून दाखवणं. ज्या वाक्यासमोर यातला एकही मार्ग नाही, ते वाक्य म्हणजे नुसती इच्छा.

यानंतर येतात टप्प्याटप्प्याच्या तपासण्या. इथे घर बांधून घेतलं असेल किंवा बेसमेंटचं काम केलं असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल. आतलं वायरिंग आणि पाइप इन्स्पेक्टरनं बघेपर्यंत ड्रायवॉल लावू देत नाहीत, कारण भिंत बंद झाली की चूक दिसत नाही आणि दिसली तरी काढायला भिंत फोडावी लागते. यानाचंही तसंच आहे. ढोबळ आराखड्याला एक तपासणी, पक्क्या आराखड्याला दुसरी, आणि ती झाल्यावरच सुटे भाग बनवायला घ्यायचे. मग जोडणी, चाचण्या आणि उड्डाणाआधी शेवटची तपासणी. या बैठकांना प्रकल्पाबाहेरचे जाणकार बसतात, कारण स्वतःच्या लिखाणातली चूक स्वतःला दिसत नाही.

पण या गोष्टीतली मला सगळ्यात लागलेली बाब मापांची नाही. ती आहे शंकेची.

त्या फायलींचा मुळात फॉरमॅटच चुकलेला होता, म्हणून पहिले चार महिने त्या वापरताच आल्या नाहीत. एप्रिल १९९९ मध्ये त्या वापरात आल्या आणि थोड्याच दिवसांत टीमच्या लक्षात आलं, की आकडे काही जुळत नाहीत. म्हणजे यान हरवण्याच्या पाच महिने आधी! पण पृथ्वीवरून यानाचा वेग मोजतात तो मुख्यतः आपल्याकडे येणारा किंवा दूर जाणारा. हे धक्के बहुतेक आडव्या दिशेचे होते, त्यामुळे पुरावा धूसरच राहिला. टीम लहान होती आणि एकाच वेळी तीन मोहिमा सांभाळत होती. शंका ईमेलमधून, बोलण्यातून फिरत राहिली. अशी विसंगती नोंदवायचा रीतसर फॉर्म होता, तो कुणी भरला नाही. शेवटच्या आठवड्यात उंचीचे अंदाज खाली खाली येत होते. आणखी एक मार्गदुरुस्ती करावी का, यावर बोलणंही झालं, पण ती केली गेली नाही.

तोंडी शंका आणि नोंदवलेली शंका यांत फरक काय? तोंडी शंका "बघू या" म्हटलं की विरते. नोंदवलेल्या शंकेला नंबर असतो, तिच्यासमोर कुणाचं तरी नाव असतं आणि उत्तर मिळाल्याशिवाय ती बंद करता येत नाही. चौकशी मंडळाचा अहवाल नोव्हेंबर १९९९ मध्ये आला. नासाच्या वरिष्ठांनीही तेव्हा हेच मान्य केलं: चूक माणसाकडून होतेच, ती पकडणारी व्यवस्था कमी पडली म्हणून यान गेलं.

मग फॉर्म भरला की झालं का? तेवढ्यानंही भागत नाही, आणि हे आपल्याला फार जवळून माहीत आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया शटल कोसळलं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच काही इंजिनिअरना पंखाचे फोटो काढून हवे होते. ही मागणी अधिकृतपणे नेमकी कुणाची, याचं उत्तर मिळालं नाही म्हणून ती थांबवली गेली. ऑर्बिटरच्या वेळी रीतसर वाट होती, पण तिच्यावरून कुणी गेलं नाही. कोलंबियाच्या वेळी त्या वाटेचाच अडसर झाला.

आज नासाच्या प्रकल्प व्यवस्थापनाच्या नियमांत, ज्यांचा क्रमांक ७१२०.५ आहे, असहमती नोंदवायची पद्धत लिहून ठेवलेली आहे. निर्णय पटला नाही, तर दोन्ही बाजू कागदावर मांडायच्या आणि विषय वरच्या पातळीवर न्यायचा. तिथला निर्णयही नोंदवला जातो. वरिष्ठांशी असहमत होणं हा उद्धटपणा नाही, तर कामाचाच भाग आहे, हे नियमानंच सांगितलंय. मोठ्या माणसांपुढे गप्प बसायची सवय घेऊन वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळ्यानं सांगावं लागतं, नाही का?

गोष्टीचा शेवट मात्र चांगला आहे. ऑर्बिटर हरवल्यावर अडीच महिन्यांत त्याच्या जोडीचं लँडरही गेलं. नासानं मंगळाचा सगळा कार्यक्रम नव्यानं तपासायला घेतला. मग ७ एप्रिल २००१ रोजी मार्स ओडिसी निघालं. तेही लॉकहीड मार्टिननंच बांधलेलं आणि पासाडेनाहूनच चालवलेलं. २४ ऑक्टोबर २००१ रोजी ते मंगळाच्या कक्षेत बिनचूक शिरलं आणि पुढे दोन दशकांहून जास्त काळ काम करत राहिलं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी ऑफिसात एखादा आकडा खटकला, तर मैत्रिणीला जेवताना सांगून थांबू नका, तो लिहून नोंदवा. तुमची लेक शाळेच्या रोबोटिक्स क्लबमधून येऊन म्हणाली, की आकड्यापुढे माप लिहिलं नाही म्हणून सरांनी मार्क कापले, तर तिला ही गोष्ट सांगा. आणि आईला एकदा विचारून घ्या, "आई, तुझी वाटी नक्की केवढी गं?"

पुढच्या रविवारी पुन्हा भेटू या. तोवर काळजी घ्या. नमस्कार!