लिंक कुणाच्या फोनपर्यंत पोचते?

रविवारी सकाळी शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एक लिंक येऊन पडते. नाकात नळी घातलेलं लेकरू, खाली हवी असलेली रक्कम आणि आजवर जमलेली रक्कम. कुणी पाचशे टाकतं, कुणी नुसते हात जोडतं. तासाभरात ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली ती लिंक दिसेनाशी होते.

गणपतीची वर्गणी दारात येते, ही फोनात येते. ‘मिलाप’ 2010 पासून, ‘केटो’ 2012 पासून हे काम करतात. हॉस्पिटलचं इस्टिमेट, आधार, फोटो आणि हकिगत दिली की पान तयार. पैसे भरताना कंपनीसाठी वर थोडी ‘टिप’ मागितली जाते. घाईत ती बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही.

या वर्गणीची ताकद 2021 मध्ये दिसली. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी झालेल्या मुंबईतल्या एका तान्ह्या बाळाला झोल्जेन्स्मा हे इंजेक्शन हवं होतं. किंमत सुमारे 16 कोटी. हजार हजार रुपये देणारे म्हटले तरी 1 लाख 60 हजार माणसं लागतात. तरी पैसे जमले. तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं आणि केंद्राने सुमारे सहा कोटींचा कर माफ केला. एका जिवासाठी एवढी अनोळखी माणसं पुढे आली, याचं मोल मी कमी लेखणार नाही.

पण आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचं काय? त्याचा खर्च कधी संपेल हे सांगता येत नाही, मग लिंकवर रक्कम किती लिहायची? त्याचा फोटो पाहून कुणाच्या घशात आवंढा येत नाही. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर पथारी टाकून दिवस काढणारी कुटुंबं बघा. हकिगत त्यांच्याकडेही आहे. ती इंग्रजीत लिहून देणारा भाचा नाही. आणि बीडच्या ऊसतोड मजुराच्या फोनमध्ये नंबर असतात कुणाचे? मुकादमाचे, पाव्हण्यांचे, त्याच्याच टोळीतल्या माणसांचे. आयटीतल्या माणसाची लिंक पुण्याहून न्यू जर्सीला पोचते. याची शेवटी ज्याच्याकडून आधीच उचल घेतलीय त्याच्याकडेच जाते.

अमेरिकेत तर हे मोजलं गेलं आहे. ‘गोफंडमी’वर 2016 ते 2020 या काळात आजारपणासाठी आलेली 4,37,596 आवाहनं संशोधकांनी तपासली. ठरवलेली रक्कम गाठणारी 12 टक्क्यांहून कमी निघाली. 16 टक्के आवाहनांना एक डॉलरसुद्धा मिळाला नाही. ज्या भागांत उत्पन्न जास्त, तिथल्या आवाहनांना पैसेही जास्त. आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 एए खाली धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या असतात. बिलांच्या रकमेतले 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत बाजूला ठेवायचे असतात. ही योजना 2006 मध्ये उच्च न्यायालयाने घालून दिली. शिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. म्हणजे इथे दया मागायची नाही, हक्क सांगायचा आहे. फक्त त्यासाठी रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि समाजसेवा अधीक्षकांची खोली नेमकी कुठे आहे हे विचारायचं धाडस लागतं. डिपॉझिट भरायच्या खिडकीचा रस्ता मात्र कुणालाही विचारावा लागत नाही.

मध्यंतरी आमच्या नाक्यावरचे रिक्षावाले काका माझ्याकडे आले. बायकोचं ऑपरेशन, तीन लाखांचं इस्टिमेट. “मुलगा म्हणतो, लिंक बनवा. तुम्ही लिहिता ना, जरा रडू येईल असं लिहून द्या.”

हॉस्पिटलचं नाव विचारलं. धर्मादायच होतं.

“काका, रेशनकार्ड कुठलं आहे?”

“केशरी. पण त्याचा इथे काय संबंध?”