एक अक्षर फिरलं, की पान फिरलं

नागपूर जिल्ह्यात रामटेक-मौद्याकडं मिरचीची पानं आकसून मुरडायला लागली, की शेतकरी म्हणतो, चुरडामुरडा आला! कधी हे काम फुलकिडे किंवा कोळी करतात, कधी पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. त्या विषाणूचा अख्खा जनुकीय मजकूर जेमतेम 2,700 अक्षरांचा, म्हणजे वर्तमानपत्रातल्या एका बातमीएवढा. विषाणूंच्या अशा चिमुकल्या मजकुरात किंचित फेरफार झाला, तरी रोगाचा सगळा नूर पालटू शकतो.

जहालाचा मवाळ. काकडी-भोपळ्याच्या मागं लागणारा झुकिनी यलो मोझॅक विषाणू फळं वेडीवाकडी करून टाकतो. पण मजकूर बदलून त्याच्या एका प्रथिनात आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या जागी आयसोल्युसिन आलं, बस्स, एवढ्यानं तो मवाळ होतो. झाडात त्याची वाढ मात्र थांबत नाही! हे प्रथिन पानांना आकार देणारे झाडाचे स्वतःचे बारीक आरएनए पकडून ठेवायचं. बदलानंतर ती पकड ढिली पडते. त्याहून भारी गोष्ट म्हणजे असा मवाळ विषाणू रोपाला आधीच टोचला, तर मागून येणाऱ्या जहाल भावाला सहसा थारा मिळत नाही.

हिरवा की पिवळा? काकडीच्या मोझॅक विषाणूच्या कवचात 129 क्रमांकाचं अमिनो आम्ल बदललं, की तंबाखूच्या पानावरचे हिरवे डाग पिवळेजर्द होऊ शकतात.

यांतला सर्वांत बुटका. बटाट्याचा व्हायरॉइड, म्हणजे विषाणूहूनही साधा, कवच नसलेला रोगकारक, फक्त 359 अक्षरांचा. प्रथिन एकही बनवत नाही, तरी दोन-चार अक्षरं बदलली की सौम्याचा उग्र होऊ शकतो.

मिरचीचा उलटा डाव. झाडंही बदलतात, आणि मला हाच भाग सर्वांत आवडतो. बटाट्याच्या वाय विषाणूला मिरचीत वाढायला तिचंच एक प्रथिन लागतं. काही वाणांत त्या प्रथिनातली मोजकी अमिनो आम्लं बदललेली असतात. विषाणूला ते वापरता येत नाही आणि मिरची वाचते. मग विषाणू आपलं एखादं अमिनो आम्ल बदलतो आणि पुन्हा आत शिरतो!

संत्र्याची ढाल. मावा पसरवतो तो ट्रिस्टेझा विषाणू सुमारे 19,300 अक्षरांचा. ब्राझीलमध्ये त्यानं लाखो झाडं मारली. मग त्याच विषाणूच्या तिथल्याच मवाळ प्रकारांनी ‘पेरा’ जातीची संत्री वाचवली. नागपुरात 1985 मध्ये सुरू झालेलं लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आता केंद्रीय संशोधन संस्था झालं आहे. तिथं शेंड्याचं कोवळं टोक प्रयोगशाळेत कलम करून विषाणूमुक्त रोपं तयार होतात. नवी बाग लावताना कलमाचा डोळा कुठल्या झाडाचा, हे आधी विचारा.